कोपरेबाईंचे कोपरे

बेकरीवाली दारात उभी राहिली तेव्हा तिच्या काखेत एक गाठोडं होतं आणि चेहरा असा, की कुठं काही चोरीला गेलं असेल तर ते हिनंच नेलं असावं.

"बाई, रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली. "गोधडीचा कोपरा निसटलाय."

"कुणी लावलेला?"

"तुम्हीच."

कोपरेबाई हसल्या. अगदी पोट धरून हसल्या. "माझा कोपरा? अगं, एक वेळ तुझ्या बेकरीचं छप्पर उडून जाईल, पण माझा कोपरा निसटायचा नाही. दुसऱ्या कुणाची तरी गोधडी असेल. दाखव इकडे."

बेकरीवालीनं गाठोडं सोडलं. मधे पांढरे-पिवळे चौकोन आणि भोवती रुंद निळी किनार. हातात घेतल्याबरोबर बाईंनी ती ओळखली, कारण तसलं घट्ट विणीचं निळं कापड त्यांनी एकदाच वापरलं होतं. किनारीवरून बोटं फिरवत त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि जिथं दोन पट्ट्या तिरक्या रेषेत एकमेकींना मिळायला हव्यात, तिथून त्यांचं बोट आरपार गेलं. ओठांवर हसू तेवढं राहून गेलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"एकदाच धुतली हो," बेकरीवाली चाचरत म्हणाली. "आपटलीसुद्धा नाही."

"संध्याकाळी ये," बाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तिला साधं 'बस' म्हणायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

आता एका कोपऱ्याचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. त्याला कोपरेबाई ठाऊक नाहीत. त्यांचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणाला आठवत नव्हतं. चिंध्या-तुकडे जोडून गोधडीचा मधला भाग करणाऱ्या बायका त्या गावात गल्लोगल्ली होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींचे हातही चांगले होते. पण किनार आली की सगळ्यांची भंबेरी उडायची. कोपऱ्यात एक पट्टी आडवी टाकायची, तिच्या डोक्यावर दुसरी उभी ठेवायची आणि मोकळं व्हायचं. बाई त्याला 'आळशाचा कोपरा' म्हणायच्या. त्यांचा स्वतःचा कोपरा तसबिरीच्या चौकटीसारखा असायचा. दोन्ही पट्ट्या तिरक्या येऊन अगदी टोकाला टोक लावून थांबायच्या, आणि पट्टीवर वेलबुट्टी असली तर ती वळणावर न तुटता पुढं जायची.

हे साधायला बाईंची एक रीत होती आणि त्या रीतीत बदल करायची कुणाची छाती नव्हती. पट्टी बाजूपेक्षा चांगली लांब ठेवायची. शिवण घालताना कडेच्या थोडं अलीकडे थांबायचं, एक टाकासुद्धा पुढं जायचं नाही. चारही पट्ट्या लागल्या की कोपऱ्यात दोन मोकळी शेपटं लोंबतात. ती तिरकी दुमडायची, टाचायची, आतल्या टोकापासून बाहेर शिवत जायचं आणि आतल्या टोकाला दोऱ्याची हातानं गाठ मारायची. मग उलटून बघायचं. मनासारखं झालं असेल तरच कात्री घ्यायची, आणि तीसुद्धा शिवणीच्या बाहेर बोटभर कापड ठेवून. शिकायला येणाऱ्या बायकांना त्या एकच गोष्ट इतक्या वेळा सांगायच्या की त्या बायका झोपेत बडबडत असतील. आधी शिवा, मग बघा, मग कापा. घाई झाली म्हणून एकीनं आधी कापलं, तर बाईंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली होती आणि दिवसभर परत दिली नव्हती.

कुणाकडे गेल्या की बसायच्या आधी त्या टेबलावरच्या कापडाचा कोपरा उलटून बघायच्या. एकदा दवाखान्यात आजारी जावेला भेटायला गेल्या, तर पहिल्यांदा पांघरुणाचा कोपरा बघून "काय हा गबाळेपणा" म्हणाल्या आणि मग जावेकडे वळल्या. जाऊ त्यानंतर लवकर बरी झाली, बहुधा रागानंच.

आणि अशा बाईला नवरा मिळाला होता फ्रेमवाला. लोकांच्या तसबिरींना लाकडी चौकटी करून द्यायचा धंदा. त्यामुळं त्या घरात कोपऱ्यांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरूनही झाली नसतील. "तुझं सगळं उलटं," फ्रेमवाले म्हणायचे. "आधी तिरकं कापायचं, मग जोडायचं. जगात सगळे असंच करतात." बाई म्हणायच्या, "लाकूड मुकाट बसतं हो. कापड तिरकं कापलं की जिकडे ओढाल तिकडे ताणत जातं. तुम्ही आपलं मेलेल्या झाडाशी खेळा." या वादात दोघांचं तारुण्य गेलं आणि दोघांनाही त्यात भलतीच मजा आली.

मागे कधीतरी फ्रेमवाल्यांनी एकाएकी दुकान बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाले. खोली मात्र सोडली नाही. लाकूड पडलंय, काच पडलीये, हळूहळू काढू. तेव्हापासून त्यांच्याकडे काम एवढंच, की बाईंची शिवून झालेली गोधडी सायकलच्या मागं बांधायची आणि गोधड्यांच्या दुकानात मालकीणबाईंकडे पोचवायची. एवढ्याशा कामाला अख्खी दुपार लावून ते चहाच्या वेळी परतायचे. बाई तोंडाला येईल ते बोलायच्या. "गुडघे दुखतात आणि सायकल बरी चालवता येते!" "लवकर म्हातारे व्हायची काय हौस आहे माणसाला!" फ्रेमवाले ऐकून घ्यायचे. आधी त्यांना ऐकून घ्यायची सवय नव्हती. पण बाईंनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण आपल्या बोलण्यानं नवरा सुधारला अशी त्यांची समजूत झाली होती. बऱ्याच बायकांची होते.

तर त्या दुपारी दार लावून बाई खिडकीशी बसल्या. चष्मा पुसला. हल्ली चष्माच धड मिळत नव्हता, दिवे मंद येत होते आणि दोरे करणारे दोरा बारीक करून लोकांना फसवत होते, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी बघायचा नाद सोडला आणि निसटलेला कोपरा उलटा करून बोटांनी चाचपला.

पहिल्यांदा त्यांनी आतल्या टोकाची गाठ शोधली. गाठ नव्हती. सुटली असेल म्हणावं, तर सुटलेल्या दोऱ्याची शेपटीसुद्धा नव्हती. तिथं टाके मागे-पुढे घालून शिवण बंद केलेली होती. बाईंनी हा प्रकार जन्मात केला नव्हता.

नंतर त्यांनी शिवणीच्या बाहेर ठेवलेलं बोटभर कापड शोधलं. तेही नव्हतं. नावापुरती एक चिंचोळी कड होती आणि ती कात्रीनं कापलेली नव्हतीच. कात्रीची कड कितीही जपली तरी कुठंतरी दात लागतात. ही कड एका दमात, पट्टी ठेवून, सुरीनं कापावी तशी सरळ होती. आणि कापड ताणून सैल पडलं होतं, म्हणजे आधी कापून मग जोडलं होतं.

माझ्या किनारीवर दुसऱ्या कुणाचा हात? कुणी कोपरा उसवला, कापला, परत लावला? कशासाठी? मालकीणबाईंनी दुसरी कुणी ठेवली की काय? त्यांनी घाईघाईनं गोधडीचे बाकीचे तीन कोपरे ओढून घेतले. गाठ नाही. बोटभर कापड नाही. तिन्ही तसेच.

मग त्यांच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. आतल्या टोकाशी, शिवणीच्या पोटात, वाळलेल्या पापुद्र्यासारखं. नखानं खरवडल्यावर त्याचा चुरा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि नेल्याबरोबर त्यांच्या हातातून गोधडी गळून पडली.

सरस. लाकडाच्या चौकटी चिकटवायचा, भांड्यात तापवून लावायचा, पाण्यात पडला की विरघळणारा सरस. लग्न झाल्यापासून हा वास त्यांच्या घरात, नवऱ्याच्या सदऱ्याला, त्याच्या बोटांना होता. गोधडीच्या कोपऱ्याला सरस लावायची अक्कल या भूतलावर एकाच माणसाला सुचली असती.

बाई उठल्या, गोधडी परत गाठोड्यात बांधली, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. डोक्यात नुसता गोंधळ चालला होता. फ्रेमवाले जेवण उरकून बाईंची सकाळीच पुरी झालेली लाल गोधडी घेऊन गेले होते. दुकानात पोचवतो म्हणाले होते. बाई दुकानाकडे वळल्याच नाहीत. गल्ली ओलांडून, लोहाराच्या भात्याच्या मागून, त्या सरळ फ्रेमांच्या खोलीवर गेल्या. वाटेत एका पायरीला त्या अडखळल्या, आणि पायरीलाच शिव्या घालून पुढं गेल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून एक आवाज येत होता, कापडावरून पातं फिरल्याचा. तो आवाज बाई कुठंही ओळखत्या. त्यांनी दार ढकललं.

भिंतीला टेकलेल्या रिकाम्या चौकटी, कोपऱ्यात काचा, बाकावर काटकोन तपासायचा गुण्या, पोलादी पट्टी, सरसाचं भांडं. आणि ज्या जागी करवत असायची तिथं एक हातमशीन. बाकावर काच आडवी टाकून तिच्यावर लाल गोधडीचा कोपरा पसरला होता आणि फ्रेमवाले त्याच्यावर ओणवे होऊन, जीभ दातांत धरून, सुरी ओढत होते.

"अहो!"

पोलादी पट्टी खणकन खाली पडली. फ्रेमवाले वळले आणि वळल्या जागी थिजले.

"काय करताय?"

"कोपरा," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तुझा."

बाईंना वाटलं आपण ओरडू. पण हातातलं निळ्या किनारीचं गाठोडं त्यांनी बाकावर टाकलं. "ही बेकरीवाली घेऊन आली. तुमचा सरस धुण्यात गेला. कधीपासून चाललंय हे?"

फ्रेमवाल्यांनी सुरी खाली ठेवली. "दुकान बंद केलं तेव्हापासून."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीये! ठणठणीत आहेत."

बाई चौकटींच्या ढिगावर बसल्या. इतक्या दिवसांचे टोमणे एकदम त्यांच्या कानाशी गर्दी करायला लागले. या माणसानं हातातला धंदा मोडला, बायकोची बोलणी खाल्ली, आणि इथं बसून सुरीनं कापड कापतोय. का?

"मालकीणबाईंना माहीत आहे?"

"त्यांनीच आधी मला बोलावून सांगितलं. तुझ्या किनारीच्या गोधड्या परत यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाईंना वाईट वाटेल, पण आता किनार दुसरीकडे द्यावी लागणार. मी म्हटलं, थांबा जरा. कोपरे मी बघतो."

"परत यायला लागल्या होत्या? माझ्या?" बाई ताडकन उठल्या. "खोटं बोलताय तुम्ही! हीच लाल गोधडी घ्या ना. सकाळी इस्त्री फिरवलीये मी हिच्यावर. चारही कोपरे आरशासारखे झालेत!"

फ्रेमवाल्यांनी गोधडीचा दुसरा कोपरा पुढं ओढला, ज्याला त्यांचा हात अजून लागला नव्हता, आणि बाईंचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं.

बाईंनी बोट फिरवलं. किनारीच्या शिवणीवरून ते आतल्या टोकापाशी आलं, आणि जिथं शिवण थांबायला हवी होती तिथं ती थांबलीच नव्हती. खुशाल पुढं पळाली होती. कापडाची एक चुणी तिच्याखाली चिरडून गेली होती. आणि तिरका जोड मधेच भरकटून, वाट चुकलेल्या गुरासारखा, भलतीकडे बाहेर पडला होता. शिकायला आलेल्या बाईनं पहिल्या दिवशी असा कोपरा केला असता तर कोपरेबाईंनी तिला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं असतं. पण टोकाशी हातानं मारलेली गाठ होती. गाठ त्यांचीच होती.

"हा मी शिवलाय?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना बोटानं दिलंच होतं.

बाहेर लोहाराचा घण पडत होता, तेवढाच काय तो आवाज.

"चष्मा बदलायला हवा," बाई शेवटी म्हणाल्या. "त्या मेल्यानं नंबरच चुकीचा दिलाय."

"नंबराचा प्रश्न नाही," फ्रेमवाले म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की बाईंना पुढचं ऐकायच्या आधीच भीती वाटली. "तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, आठवतंय? तुला बाहेर बसवून त्यांनी मला आत बोलावलं."

"आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, नवा चष्मा देणार आहेत."

"हो. म्हणालो तसं."

"ते काय म्हणाले होते?"

"दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजतोय, म्हणाले. कडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू जाईल. मी दुसऱ्या डॉक्टरांकडेही विचारून आलो, तुझे कागद घेऊन. तेही तेच म्हणाले. यावर इलाज नाही."

बाईंनी बाकाची कड पकडली. समोर नवरा उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत, काचा, चौकटी सगळं लख्ख होतं आणि मधे तो धुरकट होता. मघाशी त्यांना वाटलं होतं, उन्हातून आत आलो म्हणून.

"म्हणजे किनार राहणार आणि गोधडी जाणार," त्या म्हणाल्या.

फ्रेमवाल्यांचा चेहरा वेडावाकडा झाला असावा, कारण पुढचं ते रडवेल्या आवाजात बोलले. "तुला सांगितलं असतं तर तू मशीन सोडलं असतंस. तुझं ठाऊक आहे मला. कोपरा चुकतोय म्हटल्यावर तू जेवली नसतीस. म्हटलं, होईल तितके दिवस तुझे कोपरे मी सांभाळीन. तू बोटभर कापड ठेवतेस, उसवल्यावर ते पुरत नाही. म्हणून नव्यानं कापून जोडत होतो. कड चिंचोळी व्हायची, सुटेल म्हणून सरस लावत होतो. लोकांना कळत नव्हतं. लोक तुझंच नाव घेत होते."

तो माणूस हे सगळं प्रेमानं सांगत होता आणि बाईंना ते कळतही होतं. म्हणून तर त्यांना जास्त राग आला. इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.

"माझं नाव, आणि कोपरे तुमचे? तेही असले, आधी कापून मग जोडलेले? सरस लावलेले?" त्यांनी बाकावर मूठ आपटली. "आणि डोळे कुणाचे हो? माझे ना? माझे डोळे चाललेत हे तुम्हाला ठाऊक, मालकीणबाईंना ठाऊक, डॉक्टरला ठाऊक, आणि मी बसलेय दोरेवाल्याला शिव्या घालत! मशीन सोडलं असतं की नसतं, ते मी ठरवलं असतं. रडले असते. भांडी फोडली असती. पण ते माझं मी केलं असतं. तुम्ही मला रोज 'छान झालंय' म्हणून सांगत होतात. रोज!"

फ्रेमवाल्यांनी मान खाली घातली.

"आता एकदाच काय ते सांगा," बाई म्हणाल्या. "आणखी काय काय दिसत नाही मला?"

"जाऊ दे ना आता."

"सांगा म्हणते ना."

"निळ्या कापडावर हिरवा दोरा लावतेस कधी कधी. तो काढून मी निळा घालतो. तांदूळ निवडल्यासारखं करतेस, खडे तसेच राहतात, ते मी नंतर बघतो. रस्त्यात परवा तुझी जाऊ समोरून हसत गेली, तू तिला ओळख दिली नाहीस, ती आता घुश्शात आहे." ते थांबले.

"एवढंच?"

फ्रेमवाले पुढं आले. त्यांनी बाईंचा हात धरला, वर नेला आणि आपल्या नाकाखाली ठेवला.

तिथं काही नव्हतं. नुसता ओठ होता, गुळगुळीत.

बाईंचा हात चटका बसल्यासारखा मागं आला आणि लगेच परत गेला. त्यांनी इकडून तिकडे बोटं फिरवली. ज्या मिशीवरून त्यांनी लग्नात नाक मुरडलं होतं, जी कधी काढणार नाही म्हणून या माणसानं सासऱ्यांशी वाद घातला होता, जी अगदी आत्ता, या क्षणालासुद्धा, त्या धुरकट चेहऱ्यावर बाईंना दिसत होती, ती मिशी जागेवर नव्हती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच महिने. डॉक्टर म्हणाले त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. एवढी बारीक सुई ओवणारी बाई, तिला कसं दिसणार नाही? म्हटलं, मिशी काढून बघू. काढली आणि तुझ्यासमोर जेवायला बसलो. तू वाढलंस. बॉबिन अडकतंय म्हणून बोलत राहिलीस. मी दिवसभर घरातच थांबलो, म्हटलं आता बोलेल, मग बोलेल." फ्रेमवाल्यांनी खाली पडलेली पट्टी उचलून बाकावर ठेवली. "त्या दिवशी मी डॉक्टरांचं खरं मानलं."

शेजारीण एकदा म्हणाली होती, तुमचे हे अगदी तरुण दिसायला लागले हो. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, कामधंदा नाही, तरुण दिसायला काय जातंय. सगळी आळी हसली होती. बाईंना वाटलं होतं, आपल्या बोलण्यावर हसली.

त्या रडल्या. मोठ्यानं, आडपडदा न ठेवता रडल्या, लोहाराचा घण थांबला तरी रडत राहिल्या. फ्रेमवाले शेजारी उभे होते. त्यांनी एकदा खांद्यावर हात ठेवून बघितला, तो बाईंनी झटकून टाकला. दुसऱ्यांदा ठेवला तो राहू दिला.

मग नाक पुसून त्या उठल्या आणि हातमशीनसमोर जाऊन बसल्या. लाल गोधडी त्यांनी मांडीवर ओढली आणि मघाचा तो चुणी पडलेला कोपरा बोटानंच उसवला, टाका चाचपत, दोरा ओढत. फ्रेमवाले मदतीला वाकले.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. ते मागं सरकले.

जिथं थांबायचं तिथं त्यांनी एक टाचणी आडवी खोचली, म्हणजे अंगठ्याला लागेल. शेपटं तिरकी दुमडली. एकदा मनासारखी आली नाहीत, परत दुमडली. डोळे मिटून घेतले, कारण डोळे उगाच मधे मधे करत होते. डावा अंगठा टाचणीवर ठेवून उजव्या हातानं मशीनचा दांडा फिरवला, एकेक टाका, फार सावकाश. एवढा वेळ त्यांना एका कोपऱ्याला कधीच लागला नव्हता. टोकाशी गाठ मारली. मग कोपरा उलटून, हातानं सारखा करून, नवऱ्यापुढं धरला.

"सांगा."

"छान झा..." फ्रेमवाले सवयीनं म्हणायला गेले आणि बायकोचं तोंड बघून गप्प झाले. ते वाकले. गुण्या लावून बघितला. काढून पुन्हा लावला.

"चुकलाय," ते म्हणाले.

बाईंना ते मारल्यासारखं लागलं. पण कितीतरी महिन्यांत आपल्या कोपऱ्याबद्दल त्यांच्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य होतं ज्याच्यावर भरवसा ठेवावा असं त्यांना वाटलं.

"कुठं?"

त्यांनी बाईंचं बोट नेऊन दाखवलं. "आतलं टोक बरोबर आहे. थांबलीस तिथंच थांबलीयेस. बाहेरच्या अंगाला गेलाय. अर्ध्या पेराएवढा."

बाईंनी तेवढं अंतर बोटानं पुन्हा पुन्हा मोजलं. मग गोधडी नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

"उसवा," त्या म्हणाल्या. "इथं बसा, माझ्यासमोर. आणि उसवताना प्रत्येक टाका मला सांगा."

फ्रेमवाल्यांनी स्टूल जवळ ओढलं, सुरी बाजूला ठेवून बारीक कात्री घेतली आणि पहिला टाका कापला.

"एक," ते म्हणाले.